झांजांवर फुटणारा चेहरा

परळच्या आमच्या चाळीत वर्षातून एकदा सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा होते आणि संध्याकाळी चौकात भजन. गेल्या वर्षी कमिटीने भाड्याने एलईडी पडदा आणला. माझी वीस वर्षं वृत्तवाहिनीत गेलेली, म्हणून पडदा माझ्याकडे आला.

भजनाचे बुवा पहिल्या मजल्यावरचे, सत्तरी ओलांडलेले. दम्यामुळे हे शेवटचं भजन, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. त्यांच्या घरात एक रीत होती. भजन संपलं की ते बायकोला विचारायचे, कुठे चुकलो, “खय चुकलंय?” ती कधी गायली नव्हती, पण चुका बरोबर सांगायची. या भजनाच्या दोन वर्षं आधी तिचे कान गेले. तेव्हापासून प्रश्न होता, उत्तर नव्हतं.

दुपारी मी केबल टाकत असताना ती खाली आली.

“माका ऐकाक येना नाय. तेंचा तोंड दिसला तर समाजता. लांबसून दिसना नाय, मोठा दाखव.”

मी मान डोलावली.

पहिले दोन अभंग बुवांचा चेहरा पडदाभर होता. ती पहिल्या रांगेत बसून त्यांच्या ओठांबरोबर ओठ हलवत होती. मग सेक्रेटरी माझ्या टेबलाशी आला. नुसतं म्हाताऱ्याचं तोंड किती वेळ बघायचं, असं त्याचं म्हणणं. लोकांना इफेक्ट हवे होते. लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये ते होतेच. एका माईकचा आवाज जोडायचा, की त्या आवाजाच्या चढउताराप्रमाणे कॅमेऱ्यातलं चित्र जागच्या जागी बदलतं. मी झांजांचा माईक जोडला. सुरुवातीला प्रत्येक झांजेवर चेहऱ्याभोवती सोनेरी कड उमटत होती. तेवढ्यावर भागेल, असं मला वाटलं.

गजर येणार हे मी विसरलो होतो. गजराला आठही झांजा एकदम वाजतात आणि थांबत नाहीत. चित्राला मूळ रूपात यायला फटच मिळेना. बुवांचं तोंड कानापर्यंत ताणलं गेलं, डोळे गालावर ओघळले, दातांचं पेटलेलं कडं होऊन ते गरगर फिरू लागलं. शिट्ट्या आल्या. मोबाइल वर गेले. सेक्रेटरीने लांबून अंगठा दाखवला.

वृत्तवाहिनीत चेहरा बिघडवायचा तो फक्त माणूस ओळखू येऊ नये म्हणून. इथे माणूस जिवाच्या आकांताने गात होता आणि त्याच्या घशातल्या ताणाचा मी चिखल केला होता. स्लायडर बोटाखाली होता. खाली ओढला असता तर चेहरा परत आला असता. ओढला नाही. शिट्ट्या चालू होत्या.

पहिल्या रांगेत ती एकदा डावीकडे वाकत होती, एकदा उजवीकडे, पुढे कुणी उंच माणूस बसल्यासारखी.

आरती झाल्यावर बुवा तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. दम लागला होता. त्यांनी हातानेच नेहमीचा प्रश्न विचारला.

“तुमी खय होतास?” ती म्हणाली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, मोठ्याने.

तिला कळलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा हात हलवला. ती उठली आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पडद्याकडे पाठ करून बसले होते, त्यांना काहीच दिसलं नव्हतं.

“झाला मां रे बरा?”

“झक्कास झालं,” मी म्हणालो, आणि केबल गुंडाळू लागलो.