भाऊ गेला तो रस्ता

माझा धाकटा भाऊ हिमाचलात, लाहौलच्या आतल्या भागात, रस्त्याच्या कामावर डोंगर फोडायचं मशीन चालवायचा. गेल्या पावसाळ्यात दरड कोसळली आणि तो मशीनसकट खाली गेला. नागपूरला आली ती खिळे ठोकलेली पेटी. ती उघडू नका, असं सोबत आलेल्या माणसानं बजावलं. फोनवर ठेकेदार म्हणाला होता, "जागेवरच गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही." आईनं ते वाक्य धरून ठेवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची.

मला ती जागा बघायची होती. का, ते मला नीट सांगता आलं नसतं. मौद्याजवळच्या शाळेत मी शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी मी माझी जुनी गाडी दुरुस्त करून घेतली.

"एकटी काहून चालली वं?" आई दारात आडवी उभी राहिली. "काय ठेवलं हाये तिथं?"

"काही नाही. पाहून येतो फक्त."

"अन् तुले काही झालं तं मी कोणाकडे पाहू?"

मी पाया पडले आणि निघाले.

शिवनीच्या जंगलात साग उघडे पडले होते. पुढे बुंदेलखंडाचा धुळीचा उन्हाळा, मग पंजाबातली कापलेली शेतं, मग डोंगर. मुक्कामाला जागा मागितली की मालक आधी माझ्या मागे बघायचे, आणखी कोणी उतरतंय का म्हणून. मनालीच्या पुढचा बोगदा ओलांडला आणि थोड्या वेळानं झाडं संपली. राखाडी डोंगर, राखाडी नदी आणि मध्ये रस्ता म्हणून ओढलेली दगडांची एक रेघ. कितीतरी वेळ समोरून गाडी यायची नाही. मी मोठ्यानं बोलायला लागले, नुसता आवाज यावा म्हणून. एका वळणावर बर्फ वितळून आलेला ओढा रस्त्यावरून वाहत होता. त्यात गाडी अडकली. पाणी दारातून आत आलं, पायांना कळ लागली, आणि मला पहिल्यांदा वाटलं, आईचं खरं होतं. शेवटी एक टेम्पो आला. त्यातल्या मजुरांनी दोर लावून मला बाहेर ओढलं. मी कुठं चालले ते ऐकल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोर गुंडाळायला घेतला.

कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या रस्त्याच्या कडेलाच होत्या. माझ्या भावाबरोबर एका खोलीत राहणारा झारखंडचा एक मिस्त्री तिथं होता. येण्याआधी मी त्याच्याशी फोनवर बोलले होते. त्यानं चहा केला आणि मला पुढच्या वळणावर नेलं.

"इधर," तो म्हणाला.

तिथं काहीच नव्हतं. दरड पुन्हा खाली आली होती आणि नवा रस्ता वरच्या अंगानं काढला होता. खाली नुसता दगडांचा उतार. मशीनही दिसत नव्हतं. मी घरून आणलेली मेणबत्ती पेटवायला गेले, पण वारा ती टिकू देईना.

मिस्त्रीनं तिला हातांचा आडोसा धरला, तरी ती विझली. मग म्हणाला, "दीदी, एक बात पूछें? 'सांगू नोका' माने क्या होता है?"

हे तर आमच्या घरातलं बोलणं. "कोणी म्हटलं?" मी मराठीतच विचारलं.

मग त्यानं सगळं सांगितलं. भाऊ जागेवर गेला नव्हता. कमरेपासून खाली मशीनमध्ये अडकला होता. दगड पडतच होते, तरी हे लोक खाली उतरून हातांनी उपसत होते. एरवी सगळ्यांशी हिंदी बोलणारा भाऊ तेव्हा हिंदी विसरला. "मायले सांगू नोका, मायले सांगू नोका," एवढंच म्हणत राहिला. यांना 'माय' तेवढं समजलं. त्यांना वाटलं, आईला कळवा म्हणतोय. म्हणून ते त्याला धीर देत राहिले, "हाँ भाई, माँ को बता देंगे. ज़रूर बता देंगे."

मी त्याला अर्थ सांगितला. तो खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

परतीची वाट मला फारशी आठवत नाही.

आईनं काही दिवस विचारलं नाही. मग एका दुपारी, भाजी निवडताना, तिनं माझ्याकडे पाहिलं. "खरं सांग. काय समजलं तुले तिथं?" मी सांगितलं. भावानं नको म्हटलेलं सांगतेय हे मला कळत होतं, पण तिच्या तोंडावर खोटं बोलता येईना.

"तुले जायचंच काहून होतं?" ती ओरडली. "बरी होतो ना मी!" भाजीचं ताट तिनं भिंतीवर भिरकावलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पुढे एकदा आपण होऊन म्हणाली, "त्या माणसाले फोन लावून दे."

फोन लागला. आई आमच्या नागपुरी हिंदीत म्हणाली, "बेटा, उसको पानी पिलाया था क्या रे?"

हा प्रश्न मला तिथं उभी असताना सुचला नव्हता. पलीकडून जरा वेळानं आवाज आला, "हाँ माँ, पिलाया था."

खरं की खोटं, मला माहीत नाही. आईनं फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून निजली. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही.