सोड्यावर शिकलेलं बोलणं

दर मंगळवारी आबा धुळ्याच्या दवाखान्याबाहेर माझ्या सोड्याच्या गाडीवर यायचे. कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. श्वासासाठी गळ्याला पाडलेलं भोक ते पांढऱ्या रुमालाने झाकून ठेवायचे, भर मे महिन्यातही. हवा गिळायची आणि ढेकर येताना तिच्यातच शब्द घडवायचा, हे बोलणं ते माझ्याच सोड्यावर शिकले. एका ढेकरेत त्यांच्या अहिराणीची दोन-तीन अक्षरं निघायची. तरी नुसती मान हलवून ते कधी ‘हो’ म्हणाले नाहीत. तेवढ्यासाठीही हवा गिळायचे. गिऱ्हाइकं तोंड फिरवायची, तेव्हा मला गिऱ्हाइकांचाच राग यायचा.

एकदा त्यांनी वॉर्डातून चोपड्याच्या एका मास्तरांना सोबत आणलं. तोच आजार, तेच ऑपरेशन, जखम भरत आलेली. मी सोडा पुढे केला, पण मास्तरांनी तो घेतला नाही. हातातल्या पाटीवर लिहिलं, ‘वर्गात ढेकरा देत शिकवू? पोरं हसतील.’

आबांनी ते सावकाश वाचलं. मग सगळ्यांदेखत गळ्याचा रुमाल सोडला आणि त्याच रुमालाने मास्तरांची पाटी स्वच्छ पुसून टाकली.

“आते... बोला... मास्तर.”