न मोडलेला पाठ

माझ्या लेकरासाठी धाकट्या जावेने देवीला हाक मारावी, हे मला सोसवत नव्हते. मुलगा तीन वर्षांचा, चार दिवस तापाने फणफणलेला. त्याला बैलगाडीतून अमरावतीच्या डॉक्टरकडे न्यायचे होते. आमच्या घरची रीत अशी, की गाडी निघाली की एका बाईने देवीचे स्तोत्र म्हणायला घ्यायचे आणि पुढच्या गावाची शीव येईपर्यंत दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. हा मान धाकटीचा. ती अकोल्याची, वडिलांकडून स्तोत्र शिकून आलेली. आम्ही वांगी-मेथी पिकवणारी माणसे, तिच्या उच्चारांनी सासूबाई विरघळून जात. "धाकटीले संग ने. तिचा पाठ कधी मोडत नाही," त्या म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोर माझे, आणि देवीने ऐकायचे तिचे! "मलेबी येते पाठ," म्हणून मी ठसक्यात गाडीत चढले. तिचे ऐकून ऐकूनच तो मला आला होता, हे मात्र गिळून टाकले.

यजमान गाडी हाकत होते, मुलगा माझ्या मांडीवर. आमचे दर्यापूर मागे पडले. कमिशनरसाहेबाच्या दौऱ्यासाठी सडकेवर नवी खडी टाकली होती, गाडी नुसती आदळत होती. ओठांवर देवी आणि डोळ्यांपुढे धाकटीचा चेहरा, असा माझा पाठ चालला होता. घरी जाऊन सासूबाईंना काय ऐकवायचे, तेही ठरवून झाले होते. नाल्याच्या उताराआधी उजव्या चाकाची खीळ निसटून धुळीत पडली. मी ती पाहिली. यजमानांच्या पाठीला हात लावला असता तरी पुरे होते. पण गाडी थांबली की ते विचारणार आणि मला बोलावे लागणार. शीव समोर दिसत होती. मी म्हणत राहिले.

"थांब वो दादा! चाक निंघून राहिलं!" शेतात कापूस वेचणारी एक बाई ओरडत धावत आली. यजमानांनी कासरा खेचला. चाक कण्याच्या टोकाला आले होते आणि खाली नाल्यातले दगड होते. बाईने मागे जाऊन धुळीतून खीळ शोधून आणली, यजमानांनी ती दगडाने ठोकून बसवली.

"तुले दिसलं नाही का वो?" तिने मला विचारले.

"दिसलं. पाठ मोडला असता."

बाईने मुलाच्या कपाळावर हात ठेवला. "लेकरासाठी बोललं तं देवीले राग येते का, बाई?"

मला हुंदका आवरेना. पुढे अमरावतीपर्यंत धड एक ओळही सलग झाली नाही. मुलाला पाणी पाजले, त्याच्याशी बोलले, रडले. एकच मागत होते, "आई, धाकटीचं ऐक, माझं ऐक, कोणाचंबी ऐक, पण याले राख."

डॉक्टरांच्या औषधाने तिसऱ्या दिवशी ताप उतरला. ती बाई कोण, हे मी विचारलेच नव्हते. परतताना त्या शेतात कोणी दिसले नाही. देवीनेच तिला धाडले, असे मी मानते. कोणाला पटवायला जात नाही.

घरी येऊन धाकटीला सगळे सांगितले, जळत होते तेही. ती फस्सकन हसली. "माहा पाठ तं दर खेपी मोडते, बाई. सासूबाईले सांगत नाही, इतकंच."

आता गाडीत बसताना मी देवीला आधीच सांगून टाकते, मी चुकेन, मध्येच बोलेन, सांभाळून घे. धाकटीचा हेवा अजूनही होतो. तोही देवीच्याच पायांशी ठेवते.