मुळगावचा तो गणपती

गणपती घडवणाऱ्या कुठल्याही चित्रशाळेवरून जाताना ओल्या मातीचा वास आला की माझी पावलं अजून जड होतात. मुळगावच्या एका म्हाताऱ्या मूर्तिकाराला मी माझं सॉफ्टवेअर विकलं होतं. कुठल्या घरचा गणपती केवढा, कशावर बसलेला, पितांबर कुठल्या रंगाचं, सगळं त्यांनी त्यात भरलं होतं. पावसाळ्यातल्या दमटपणाने त्यांचा संगणक बिघडला, त्यांनी दुसरा घेतला, जुन्यातली माहिती त्यात घातली, पण सॉफ्टवेअर उघडेना. एका परवान्यावर एकच संगणक, असं कुलूप मीच घातलं होतं. त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, म्हातारा दुसऱ्या चित्रशाळेला फुकट कॉपी देतोय. नवी किल्ली फोनवर दोन मिनिटांत देता आली असती. मी म्हणालो, “कंपनीकडून यायला वेळ लागेल.” कंपनी म्हणजे मी एकटाच. गणेशचवथीच्या सकाळी शेवटी गेलो, तर तिथे चालू असा एकच नवा संगणक होता, जुना बिघडून कोपऱ्यात पडला होता, आणि मूर्ती न्यायला आलेला एक यजमान कडाडत होता, “आमचो गणपती पिढ्यानपिढ्या पाटार बसता, हो सिंहासनार कसो?” म्हाताऱ्याने हात जोडले. “चूक म्हजी, बाब. वय जालां, याद रवना.” मी शेजारीच उभा होतो, आणि गप्प राहिलो. आता ते नाहीत. शेवटी त्यांची स्मरणशक्ती गेली होती, असं गावात अजून म्हणतात. खरं तर त्या वर्षीच्या सगळ्या मूर्ती त्यांनी निव्वळ आठवणीवर घडवल्या होत्या. एकच चुकली, आणि ती माझ्यामुळे.