हिरव्या पडद्यामागचं दूध

शेणघाणीची शिवकन्येला कधीच किळस आली नाही. बोरीतच जन्मलेली, गोठ्यात वाढलेली पोर ती. तिला शिसारी यायची खोट्या हिरव्या रंगाची.

गावच्या खासगी डेअरीतला संगणक ती सांभाळायची. घर तिच्या पगारावरच चालायचं. लिनक्सवर चालणाऱ्या त्या एकाच संगणकात तिनं एकेका कामासाठी वेगळ्या बंद खोल्या पाडल्या होत्या. एकीत दुधाचं वजन, दुसरीत फॅट, तिसरीत थंड टाकीचं तापमान. एक कोलमडली तरी शेजारणीला धक्का लागू नये, एवढाच हेतू. राखणीला तिनं लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचना. त्या फिरून फिरून प्रत्येक दार ठोठावायच्या. आतून ताजा आकडा आला तर भिंतीवरच्या पडद्यावर हिरवं. नाही आला तर काम पुन्हा सुरू करून बघायचं, तरीही गप्प असेल तर लाल.

हे लाल मालकांच्या, म्हणजे मुंजाजीरावांच्या डोळ्यांत खुपायचं. शहराच्या टँकरवाल्याला दिसतं ना! त्यांच्या सांगण्यावरून मॅनेजर बालाजीनं स्क्रिप्टमध्ये एक ओळ घुसडली. उत्तर येवो न येवो, जुनाच आकडा दाखवायचा आणि रंग हिरवा. शिवकन्येनं ती काढली की बालाजी परत घालायचा.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी," मालक म्हणायचे. वरून कीर्तन, आतून तमाशा, दुसरं काय!

उन्हाळ्यातल्या एका सकाळी डेअरीत पाऊल टाकताच आंबट भपका नाकात बसला. पडद्यावर चार अंश, हिरवंगार. टाकी हाताला कोमट. थंड करणारं यंत्र कधीचं बंद पडलं होतं, तापमानाची खोलीही मेलेली, जिवंत होती ती फक्त बालाजीची ओळ.

"मालक, दूध नासायलंय. नालीत वतून द्या."

मुंजाजीरावांच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. "बालाजी, सोडा आण. आंबटपना मारला की झालं."

"लेकरं पितेत की वो हे!"

"आपली न्हाईत ना? शहरात जायलंय."

बालाजीनं सोड्याची पिशवी टाकीत उपडी केली आणि बाही सारून घामेजल्या हातानंच ढवळायला लागला. आधी आकड्यात सोडा घातला, आता दुधात! असली माणसं आणि असला पगार, दोन्हींचा शिवकन्येला वीट आला.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. तिनं खुर्ची ओढली, ती ओळ पुसली आणि स्क्रिप्ट चालवली. टँकरवाला सिताराम आत आला तेव्हा पडद्यावर लाल अक्षरं होती: टाकीकडून उत्तर नाही. त्यानं पडदा बघितला, मग बालाजीचे पांढरे हात बघितले, आणि पाइप न सोडताच गाडी वळवली.

"पुन्हा तोंड दाखवू नको," मालक तिच्यावर ओरडले.

ती एसटी स्टँडवर बसून राहिली. नोकरी गेल्याचं घरी कसं सांगावं ते सुचेना. दुपारी घरी गेली तर मायनं, कस्तुराबाईनं, पुढ्यात चहा ठेवला. शिवकन्येनं कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"माय, दूध कुठलं?"

"तुज्याच डेअरीचं. बालाजी घरोघर निम्म्या भावात द्यायलाय. समद्या गल्लीनं घेतलं. शेजारच्या सवितानं तर लेकरासाठी मोठा गंज भरून घेतलाय."

शिवकन्येनं चहा मोरीत ओतला. अनवाणीच बाहेर पळत जाऊन तिनं सविताचं दार ठोठावलं. आतून उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा ठोठावलं.