मुक्यानं तोडलेला अडुळसा

मोतीवैनीचा डावा कान फुटला तो माझ्या मुलीच्या खोकल्यापायी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कितीही शहाणपणाचं बोलले तरी कुणी मला फार चांगली बाई समजू नये.

मी साजगावात सून म्हणून आले त्रेसष्ट साली. आमच्या भिंतीला भिंत लागून भिवाजीचं घर. शेती धाकट्या भावावर, येसाजीवर टाकून भिवाजी तिथल्याच एका कारखान्यात लागला होता, गोण्यांत पावडर भरायच्या कामाला. कामावरून यायचा तो भुवयांपर्यंत पांढरा होऊन. मोतीबाई त्याची बायको, आम्ही सगळ्या तिला वैनी म्हणायचो. कर्जतकडची, अंगाने किरकोळ आणि जिभेने तिखट. विहिरीवर ती असली की हसून हसून आमच्याने हंडा उचलवायचा नाही.

खोकल्याचा काढा करावा तो तिनेच. अडुळशाची पिकली पानं, गवती चहा, तुळस, ठेचलेलं आलं, चार मिरे, गुळाचा खडा. चार कप पाण्याचं एक कप होईस्तोवर आटवायचं. यात गुपित काही नव्हतं. पण तिच्या आईने घालून दिलेला एक नेम होता. पानं आणायला उंबरा ओलांडला की ती उकळत्या पाण्यात पडेपर्यंत तोंडातून आवाज काढायचा नाही. हूं नाही की चूं नाही. बोललं की पानातला गुण गेला. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती टोपली घेऊन पाताळगंगेकडच्या बांधाला निघाली की तिला कुणी हाक मारत नसे.

भिवाजीलाही ठाऊक होतं, आणि तिथेच घात झाला. एरवी त्याने हात उगारला की वैनी अशी बोंब ठोकायची की सगळी आळी गोळा व्हायची, आणि लाजेकाजेस्तव त्याला थांबावं लागायचं. मग त्या मेल्याने हेरलं, की पानं घेऊन येताना ही ओरडत नाही. तेव्हापासून तो मारायचा तो नेमका तेव्हाच. परतीच्या वाटेवर उभा राहायचा आणि विचारायचा, "कुठं गेली व्हतीस?" हातातली टोपली जशी काही त्याला दिसतच नव्हती. उत्तर नाही म्हणून पहिली थोबाडीत. थंडीत गावात खोकले वाढत, तसा वैनीचा मार वाढे. आम्हाला हे दिसत होतं, आणि तरी आम्ही आपापली पोरं कडेवर घेऊन तिच्याच दारात जात होतो.

सदुसष्ट साली माझ्या थोरल्या बायजाला डांग्या खोकला झाला. तीन वर्षांची पोर, खोकता खोकता निळी पडायची. शिळफाट्याच्या डॉक्टरांचं औषध पोटात ठरत नव्हतं. मी वैनीकडे गेले तेव्हा ती भाकरी थापत होती. गालावरचा आधीचा वळ अजून पिवळा होता.

"वैनी, भिवाजीभाऊ घरीच हायत आज," मी म्हटलं.

"हायत तर हायत. तू पोरीला उबंत ठेव आन तुज्या चुलीवर पानी चढव," ती म्हणाली. पिठाचा हात धुऊन तिने टोपली उचलली आणि तोंड मिटलं.

तासाभराने ती परत येताना मी ओटीवर उभी होते, बायजा खांद्यावर. भिवाजी बांधाच्या टोकाला बैलाची काठी घेऊन उभा.

"कुठं गेली व्हतीस गं? कुनाला भेटून आलीस?"

वैनीने टोपली पदराखाली घेतली. पहिली काठी पाठीवर बसली, दुसरी गुडघ्यावर. ती खाली बसली आणि टोपलीवर ओणवी झाली. त्याने तिला केसाला धरून वर ओढलं आणि कानावर हाताचा तळवा असा मारला की आवाज माझ्यापर्यंत आला. रक्त मानेवरून चोळीत उतरलं. "बोल! बोल म्हंतो ना!" तो लाथा घालत होता. पलीकडच्या शेतात येसाजी होता, त्याने पाठ फिरवली.

मी पाठ नाही फिरवली. मी बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, "बोलू नको वैनी, बोलू नको गं." खरं सांगते, त्या वेळी मला तिची दया येत नव्हती. मला पानांची काळजी होती. आजही हे आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

ती बोलली नाही. त्याला धाप लागली तेव्हा तो थांबला. वैनी लंगडत माझ्या घरात आली, पानं आधणात टाकली, आणि मग ओरडली. असं ओरडणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. बायजासुद्धा खोकायची थांबली. ओरडून झाल्यावर वैनी म्हणाली, "आलं ठेच, विमल."

बायजा वाचली. काढ्याने वाचली की तिची वेळ आली नव्हती, देव जाणे. वैनीचा तो कान मात्र कायमचा गेला.

शहात्तर साली खोकला भिवाजीलाच लागला. छातीचा फोटो काढून डॉक्टर म्हणाले, आत पावडर बसलीये, आता आराम करा. हाडांचा सापळा होऊन तो ओटीवर पडून असायचा. एक दिवस म्हणाला, "साऱ्या गावाला काढा देतीस, मला कदी देशील गं?"

"देते की," वैनी म्हणाली. टोपली घेतली, उंबरा ओलांडला आणि मोठ्यांदा बोलायला लागली.

आधी तिने त्याला शिव्या दिल्या. मग प्रत्येक मार सांगितला, कुणाच्या खोकल्याला कुठे बसला तो. चालताना थांबत नव्हती. भिवाजी खांबाला धरून उठला. "अगं गप! गप बस गं! विमल, तिला गप कर, पानांचा गुन जाईल!"

मी ओटी उतरले. धावत बांधावर तिला गाठलं आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय कालवन केलंस गं वैनी आज?"

पानं खुडून घरी येईपर्यंत आम्ही दोघी बोलत होतो. हसलोसुद्धा. मग तिने काढा रीतसर आटवला, गूळ घातला, गाळून त्याच्या हातात दिला. तो कपात बघत बसला. शेवटी रडत रडत प्यायला.

तिसऱ्या आठवड्यात तो गेला. ती छाती कुठल्याच पाल्याने सुधारणारी नव्हती, हे डॉक्टरांनी येसाजीला समजावून सांगितलं होतं. पण तेराव्याला चार माणसांसमोर अंगणात उभा राहून येसाजी ओरडला, "तूच मारलंस त्याला!"

"मारायचे ते, भावजी," वैनी म्हणाली. "मी निस्ती बोलले."