भायेर कोन?

फोनवरच्या रेकॉर्ड केलेल्या बाईशी भांडणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. माझी बायको, सुनंदा. हातखंब्यापासून आमच्या गावापर्यंत ती रिक्षा चालवायची. मधल्या घाटीत रेंज नावालाही नव्हती. दुसरी रिक्षावाली नसीमा घाटीत असली आणि सुनंदाने तिला फोन लावला, की ती बाई सांगे, ‘आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती संपर्क क्षेत्राबाहेर आहे.’ सुनंदा तिलाच दटावी, “भायेर कोन गो? नसीमा, काय तुमचा टॉवर?”

नसीमाला रिक्षा हिनेच शिकवलेली. नसीमाचा नवरा कुवेतला. त्याचा फोन दुपारचा कधी लागेना. शेवटी त्याने बजावलं, बायको कुठे आहे ते कळणार नसेल तर रिक्षा विकून टाक. नसीमा आमच्या पडवीत येऊन रडली. सुनंदा म्हणाली, “रिक्षा कशाला विकतंस? टॉवर आणू.”

मी म्हटलं, टॉवर काय बाजारातला बांगडा आहे? त्या दिवशी माझ्या ताटात बांगडा पडला नाही.

रत्नागिरीचं भाडं मिळालं की ते पोचवून दोघी इंटरनेट कॅफेत जाऊन बसायच्या. सुनंदा सांगायची, नसीमा टाइप करायची. रेंज कुठे नाही? म्हातारीचं वळण, मोडका साकव, देवचाराचा आंबा. कंपनीचं उत्तर आलं, असली ठिकाणं नकाशात नाहीत.

हिने पत्रे कापले, त्यांवर तीच नावं रंगवली, खाली ‘इथे रेंज नाही’ लिहिलं आणि झाडांना तारेने बांधले. नसीमाने फोटो काढून मुंबईच्या, आखातातल्या गाववाल्यांना मेलवर पाठवले. गाव सोडून गेलेली माणसं ती नावं बघून पेटलीच. कोणी साकवावरून सायकलसकट ओढ्यात पडलेला, कोणी त्या आंब्याखाली भुताला घाबरून पळालेला. सगळ्यांनी कंपनीला लिहिलं. सगळ्यात लांबलचक मेल नसीमाच्या नवऱ्याचा. रिक्षा विकायचं त्याने पुन्हा तोंडातून काढलं नाही.

पुढल्या वर्षी वळणावरच्या सड्यावर, उघड्या कातळावर टॉवर उभा राहिला. तेव्हापासून संध्याकाळी वळण सुटलं की सुनंदाचा मिस्ड कॉल यायचा. अर्थ एकच, चहा ठेवा. मी ठेवायचो. बरे दिवस होते ते.

यंदा शिमगा झाला आणि ती तापाने गेली. तिचा फोन कपाटात बंद पडून आहे. परवा उगीच तिचा नंबर लावला. त्या बाईने तेच सांगितलं. मी फोन ठेवून दिला. भांडणं तिच्याकडे असायची.

तेवढ्यात मिस्ड कॉल आला. नसीमाचा, वळणावरून. हल्ली रोज देते. मी चहा ठेवला. ती आल्यावर सांगितलं, ती बाई म्हणते, सुनंदा क्षेत्राबाहेर आहे.

नसीमाने चप्पल काढली, चुलीकडे बघितलं आणि म्हणाली, “मग विचारायचंत ना काका, भायेर कोन गो?”

मी इतका हसलो की चहा उतू गेला.